दोघांच्या खांद्यावरचं शहर

भात कापून झालं की माझं डोकं फिरतं.

शेतं रिकामी होतात, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. पहाटे गवतावर दव आणि दुपारी टाळू भाजणारं ऊन. आमच्या गास गावाला या दिवसांत पेंढ्याचा आणि पिकत घातलेल्या केळ्यांचा वास असतो. लोकांना तो फार आवडतो, मुंबईचे पाहुणे तर उगाच नाक वर करकरून हुंगतात. एके काळी मलाही आवडायचा. पण याच दिवसांत वाड्यांना पाणी द्यायला सुरुवात होते, आणि पाणी सुरू झालं की कुंपणापलीकडून तो आवाज यायचा. फट् फट् फट् फट्. सकाळची प्रार्थना त्यात, दुपारचं जेवण त्यात. यंदा तो आवाज बंद आहे. तरी माझं डोकं फिरायचं काही थांबलेलं नाही. तो का बंद आहे हे सांगायचं तर मला आधी फ्रान्सला जावं लागेल.

जायचं निमित्तही घडलं. आमच्या शाळेचे मास्तर देवळाचं मासिक काढतात. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही वसईचे ख्रिस्ती त्याला देऊळच म्हणतो. मास्तर परवा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "इनास, तुम्ही बोटीवर होता. फ्रान्समधलं ते जुनं शहर तुम्ही एका दिवसात पायी पाहिलंत म्हणे. लिहा की. छान, सुंदर, वाचणाऱ्याला तिथे गेल्यासारखं वाटेल असं." मी म्हटलं, "मास्तर, मला तिथे गेल्यासारखं वाटलं नव्हतं, तर वाचणाऱ्याला कुठून वाटणार?" ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. हे लिहून झाल्यावर ते छापणार नाहीत याची मला खात्री आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

शहराचं नाव रुआँ. सेन नदीच्या काठी, समुद्रापासून चांगलं आत. आमची बोट शेंगदाण्याची पेंड भरून नदीतून वर गेली तेव्हा दोन्ही काठांवर सफरचंदाच्या वाड्या होत्या, आणि झाडाखाली फळांचे ढीग. त्यांच्याकडेही तोडणीचे दिवस होते. मी बोटीच्या स्वयंपाकखान्यात बटाटे सोलायच्या कामावर होतो. माझ्या बरोबर, त्याच बोटीवर, जेवण वाढायच्या कामावर पास्कू होता. माझा सख्खा चुलतभाऊ. जगात इतक्या बोटी तरंगतात, पण माझ्या नशिबी आली ती नेमकी याच्यासकट.

पास्कूचं आणि माझं बोलणं नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. आमच्या दोन घरांत एक विहीर. माझे बाबा आणि पास्कूचे बाबा, म्हणजे माझे काका, दोघांच्या मालकीची. विहिरीवर एक रहाट, रहाटाला जुंपायला एक रेडा, तोही दोघांचा मिळून. त्याचं नाव काळू. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, एक दिवस त्यांचा, एक दिवस आमचा. एका वर्षी आमची पाळी आली गुड फ्रायडेला. त्या दिवशी आमच्यात रहाट फिरवत नाहीत. बाबा म्हणाले, मग उद्याची पाळी आमची. काका म्हणाले, देवाच्या दिवशी आलेली पाळी देवाला गेली, उद्याची आमची. बाबांनी काकांच्या कानाखाली वाजवली. काकांनी बाबांना केळीच्या वाफ्यात पाडलं. झालं! ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला, पण आमच्या घरातलं मेलेलं बोलणं काही उठलं नाही. पुढे दोघे भाऊ वारले, एकाच दफनभूमीत चार हातांवर झोपले आणि अबोला तेवढा आम्हाला ठेवून गेले.

पण विहीर एक असताना न बोलून भागतं थोडंच? म्हणून दोन्ही घरं रेड्याशी बोलायची. पास्कू यायचा, काळूच्या पाठीवर थाप मारायचा आणि मी समोर उभा असताना म्हणायचा, "काळू, सांग त्याला, पाळी संपली. पानी सोड म्हनावं." मीही काळूलाच सांगायचो, "काळू, सांग त्या शहाण्याला, माझे दोन वाफे राहिलेत. डोळे फुटले नसतील तर बघ म्हनावं." काळू मान हलवायचा. दोन्ही घरांचं ऐकून घेऊन त्याने कधी कुणाची बाजू घेतली नाही. गावाच्या पंचांपेक्षा तो बरा होता.

एक दिवस मात्र ठरलेला होता. भात कापून झालं की रहाट पुन्हा बसवायचा, नवी मडकी बांधायची, आणि पहिल्या मडक्याचं पाणी पाटात न सोडता तांब्यात घ्यायचं. दोन्ही घरच्या कर्त्या माणसांनी त्या एकाच तांब्यातून पाणी चाखायचं. दोघांनी "गोड" म्हटलं की पाळ्या सुरू. कारण आमच्या विहिरींना वर गोड पाणी आणि खाली खारं. राजोडीचा समुद्र दिसत नसला तरी तो जमिनीखालून आमच्या पायापर्यंत आलेला असतो. बाबा म्हणायचे, "रेडा दमतो ना, म्हनून विहीर जगते. तो थांबला की खालचं पानी खालीच राहतं." भांडणाच्या ऐन भरातही ही पहिली चव कधी चुकली नाही. पास्कू प्यायचा आणि काळूला सांगायचा, "गोड हाय रे." मी प्यायचो, काळूला सांगायचो, "हाय गोड."

तर असे आम्ही दोघे रुआँच्या धक्क्यावर. एक दिवस सुट्टी. आमचा बटलर म्हातारा गोवेकर, भारी कडक. त्याने फर्मान काढलं, "अकेला कोई नहीं जायेगा. जोडी से जाने का, जोडी से आने का. एक आया, दूसरा नहीं आया, तो दोनों का नौकरी खलास." आणि जोड्या लावताना दोघं एकाच गावचे म्हणून त्याने मोठ्या मायेने मला पास्कूच्या गळ्यात बांधलं. त्या दिवशी मी त्याला मनात ज्या शिव्या दिल्या त्या मासिकात लिहिण्यासारख्या नाहीत.

बाहेर बुरबुर पाऊस. आपल्यासारखा एकदाचा पडून मोकळा होणारा नव्हे. कुणीतरी तोंडावर शिंकत राहावं तसा. दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती, पण नदीपासून आतवर सगळं सपाट. घरांच्या जागी खड्डे, खड्ड्यांत पाणी, पाण्यात विटा. त्या सपाटीपलीकडे त्यांचं मोठं देऊळ उभं होतं. उभं म्हणजे परांच्यांच्या आधाराने. अर्ध्या अंगाला बांबूऐवजी लाकडी वासे, वर ताडपत्री. मला कौतुक नाही, मत्सर वाटला. आमच्या वसईच्या किल्ल्यात छप्पर उडालेली देवळं पिढ्यान्पिढ्या तशीच आहेत. भिंतीतून पिंपळ उगवलेत, आत गुरं बसतात. पडलं ते पडलं, आम्हाला सवय झाली. आणि ही माणसं एकेक दगड घासून परत जागेवर बसवत होती. मला त्यांचा रागच आला. एवढा हट्ट कशाला?

तिथेच मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. देवळाच्या पायाशी एक खोल खड्डा, त्यात साचलेलं पाणी, आणि काठावर एक इंजिन. फट् फट् फट् फट्. जाड नळीतून पाण्याचा लोट बाहेर पडत होता. आमचा काळू सकाळभर फिरून जेवढं काढेल तेवढं तिथे एका बिडीच्या वेळात निघत होतं. पास्कू पुतळ्यासारखा उभा. आयुष्यात इतक्या भक्तीने तो देवळात कधी उभा राहिलेला मी पाहिलेला नाही. मी ओळखलं, याच्या मनात काय आहे ते.

पास्कूला पंप हवा होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. इंजिन त्याने बोलून ठेवलं होतं, पण पंपासाठी मुंबईत नंबर लावला होता आणि तो काही लागत नव्हता. मी रोज रात्री प्रार्थनेत तो लागू नये असंच मागत होतो. मला माहीत होतं, याने पंप लावला की विहिरीचा तळ दिसणार आणि तळ दिसला की खारं वर येणार. त्याच्या वाडीबरोबर माझीही वाडी जाणार. माझ्या वाडीत दुसरं काय होतं? केळी आणि पानवेल. दोघीही मिठाला घाबरणाऱ्या.

त्या शहरात मी काय पाहिलं म्हणून विचाराल, तर पास्कूची पाठ पाहिली. तो पुढे, मी मागे. दिसेल त्या कामगाराला तो धरायचा, हाताने नळी दाखवायचा, तोंडाने फट् फट् करायचा, मग खांदे उडवून विचारायचा, कुठे मिळेल? कामगार हसायचे आणि कुठेतरी बोट दाखवायचे. प्रत्येकाचं बोट वेगळ्या दिशेला. अशा रीतीने आम्ही अख्खं शहर पालथं घातलं. मास्तर, तुमच्या भाषेत याला भटकंती म्हणतात. आमच्या भाषेत तंगडतोड.

एका रस्त्यावर कमान होती आणि कमानीवर सोन्याने मढवलेलं भलंमोठं घड्याळ. त्याला काटा एकच, तासाचा. मिनिटाचा नाहीच. आजूबाजूचे लोक माना वर करून बघत होते. मीही बघितलं. मनात आलं, विहिरीवर हेच घड्याळ हवं होतं. आमचे बाप मिनिटामिनिटाला भांडले. पास्कूनेही वर पाहिलं, आणि तिथे काळू नव्हता म्हणून शेजारच्या दिव्याच्या खांबावर थाप मारून म्हणाला, "सांग त्याला, घड्याळं बघायला आलो नाय. पाय उचल म्हनावं." मी खांबाला म्हटलं, "सांग, पाय माझे हायत. तुझ्या बापाच्या पाळीवर चालत नाय." जवळून जाणारी एक बाई खांबाशी भांडणारे आम्ही दोघे काळे पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

मग एक बाजार. इथे म्हणे एका कोवळ्या पोरीला जिवंत जाळलं आणि नंतर तिलाच संत केलं. आमच्या घरी तिची तसबीर होती, चिलखत घातलेली. मी टोपी काढून उभा राहिलो, डोळ्यांत पाणी आलं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारी एकजण मासे विकत होता, डोळे पांढरे पडलेले शिळे मासे. आमच्या अर्नाळ्याच्या कोळणीने असे मासे मांजरालाही घातले नसते. जाळणारेही इथलेच, मेणबत्त्या लावणारेही इथलेच. मला ते गाव अजिबात आवडलं नाही, आणि आवडलं असं मी लिहिणारही नाही.

एका दारातून आत शिरलो तर चौक. चारी बाजूंनी जुनी लाकडी माडी आणि तुळयांवर कोरलेल्या कवट्या, हाडं, फावडी. एके काळी साथीत मेलेल्यांना तिथे पुरत. पास्कूला वाटलं होतं आत लोखंडाचा कारखाना असेल. तो कवट्यांकडे बघत राहिला. मला आमच्या दफनभूमीतले दोघे भाऊ आठवले, शेजारी शेजारी, तोंडं फिरवून झोपलेले. त्यालाही आठवले असावेत, कारण त्याने हाताने अंगावर क्रूस काढला आणि मीही काढला. पण एकाच वेळी हात कपाळाला गेला हे लक्षात येताच आम्ही दोघेही चिडलो आणि झपाट्याने बाहेर पडलो.

त्यापुढे एक गल्ली लागली. गल्लीच्या कडेने गटारासारखा अरुंद, काळपट ओढा वाहत होता आणि एकेका घरापुढे त्यावर छोटा पूल. घरं पुढे झुकलेली, लाकडाच्या पट्ट्यांची. समोरासमोरच्या दोन दारांत दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. एक झाडूला काहीतरी तावातावाने सांगत होती. दुसरी कडेवरच्या मांजराला. झाडूवाली बोलली की मांजरवाली मान फिरवून मांजराच्या कानात उत्तर द्यायची. फ्रेंचचं एक अक्षर मला येत नाही. पण माझ्या देवा, मला सगळं समजलं! आणि पास्कूलाही समजलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि हसू फुटलं. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. लहानपणी देवळात मागच्या बाकावर बसून हसायचो तसे. म्हाताऱ्या गप्प झाल्या. मग दोघींनीही आमच्यावर तोंड सोडलं, एकदम, एकजुटीने. आणि त्या घटकेला पास्कू चांगला वाटला म्हणून मला स्वतःचा इतका संताप आला की नंतर बराच वेळ मी त्याच्यापासून लांब चाललो.

पंप त्याला मिळालाच. नदीकडे परतताना पाडलेल्या घरांचं सामान साठवलेलं एक आवार लागलं. गंजलेले पलंग, खिडक्यांचे गज आणि एका कोपऱ्यात पंप. बिडाचा, गोल पोटाचा, रेडकाएवढा जड. आवाराचा मालक चपटी टोपी घातलेला माणूस. पास्कूने एडनला घेतलेलं नवंकोरं मनगटी घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते कानाला लावलं आणि मान डोलावली. मी आपलं मनात म्हणत होतो, बंद पड, बंद पड. घड्याळ कसलं बंद पडतंय.

पण पंप उचलणार कोण? पास्कूने एकट्याने ओढून पाहिला, तो जागचा हलेना. मी हाताची घडी घालून मजा बघत होतो. मग त्याने मालकाकडून एक वासा मागून आणला, दोरीने पंप वाशाला बांधला. सणाला आमच्याकडे डुक्कर बांधून नेतात अगदी तसा. वाशाचं पुढचं टोक त्याने खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून वाकून उभा राहिला. नदीवर बोटीचा भोंगा वाजला. त्याला टाकून मी गेलो तर त्याच्याबरोबर माझीही नोकरी जाणार होती, आणि घरी आई माझ्या पगाराकडे डोळे लावून होती. बटलरच्या नावाने बोटं मोडत मी मागचं टोक खांद्यावर घेतलं.

तुम्ही कधी दोघांत ओझं वाहिलं आहे का? त्यात पावलं जुळावी लागतात. एकाचं उजवं तेव्हा दुसऱ्याचं उजवं, नाहीतर ओझं झोके खातं आणि खांदा सोलवटतो. म्हणजे बोलावं तर लागतंच. पास्कू पुढून म्हणाला, "पंपा, मागच्याला सांग, पाय जुळव." मी म्हटलं, "पंपा, पुढच्याला सांग, तू आमच्या विहिरीत उतरलास की तळाचं खारं वर येईल. बाबा सांगून गेलेत." तो म्हणाला, "पंपा, सांग त्याला, बाबा गेले. रेड्याचे दिवस पन गेले." मी म्हटलं, "पंपा, सांग त्या अक्कलवंताला, माझी पानवेल जळली तर तुझ्या घराला तळतळाट लागेल." रस्त्यातले लोक थांबून बघत होते. पोरीसोरी हसत होत्या. ओल्या फरशीवर आमचे बूट घसरत होते. आणि मी, इनास, स्वतःच्या वाडीचं मरण स्वतःच्या खांद्यावरून, फ्रान्सच्या रस्त्यातून, पावलाला पाऊल जुळवून नेत होतो.

धक्क्याकडे नेणाऱ्या पुलावर मी थांबलो. खाली सेन नदी, गढूळ, भरलेली. कठड्याला एके ठिकाणी लढाईत भगदाड पडलेलं, तिथे नुसता दोर बांधलेला. खांदा जरा कलता केला असता तर काम झालं असतं. पास्कूला मागचं दिसत नव्हतं, पण कळलं असावं. तो न वळता म्हणाला, आणि पंपाला न म्हणता म्हणाला की पंपालाच म्हणाला, देव जाणे, "मी बोटीवर असतो तेव्हा रहाटावर नातालीन असते. पहाटेपासनं रेड्यामागं फिरते. पावसाळ्यात तिच्या पायांच्या भेगा बुजतात, रहाट सुरू झाला की पुन्हा रक्त. कोनी बघितलंय काय?"

मी बघितलं होतं. घरी असलो की कुंपणापलीकडून रोज बघत होतो. नातालीनवहिनीच्या टाचांचे लाल ठसे पाटाच्या दगडावर उमटलेले असायचे, आणि आमची पाळी आली की ते मीच पाण्याने धुवायचो. मी वासा पुन्हा सरळ केला. तो तिच्यासाठी. याच्यासाठी नव्हे, हे मासिकात ठळक छापा.

बोट सुटली. मागे वळून त्या शहराकडे मी बघितलं नाही. असा माझा रुआँचा एक दिवस.

पुढल्या मोसमात पंप बसला. रहाट मोडून चुलीत गेला, मडकी फुटली, काळूला एका व्यापाऱ्याने नेलं. नेताना तो दोन्ही घरांपुढे थांबला, असं आई म्हणते. मी तेव्हा घरात होतो, मुद्दाम बाहेर आलो नाही. पंचांकडे गेलो तर ते म्हणाले, पाळी त्याची, दिवस त्याचा, त्यात पाणी तो रेड्याने काढो नाहीतर यंत्राने, आपण काय बोलणार? माझ्या पाळीला मी दोरी-बादलीने पाणी ओढायला लागलो. पहिली चवही बंद झाली. इंजिनाला कसली चव! दोरी ओढली की फट् फट्. पास्कूच्या केळी दणक्यात वाढल्या. गाव बघायला आलं. मास्तरांनी मासिकात त्यावर लेखसुद्धा लिहिला, 'प्रगतीची वाट' की असंच काहीतरी. आणि खरं सांगायचं तर नातालीनवहिनीच्या टाचा भरल्या. तेवढं मी मान्य करतो, बाकी काही नाही.

काळू गेल्यापासून दोन घरांत अक्षराचीही देवाणघेवाण उरली नाही. सांगायचं कुणाला? इंजिनाला? ते कुणाचं ऐकतं?

अशी बरीच वर्षं गेली, आणि गेल्या मोसमात माझ्या केळीच्या पानांच्या कडा तांबूस व्हायला लागल्या. मग पानवेल. पाण्याची चव जरा बदलल्यासारखी वाटायची, पण मी नीट चाखून बघितलं नाही, भीती वाटली. आई म्हणाली ऊन असेल. मी म्हटलं, हो, ऊनच असेल.

यंदा भात कापून झालं. पेंढा रचून झाला. सकाळीच पलीकडे इंजिन सुरू झालं आणि माझं डोकं फिरलं. मी ओट्यावर कोयता घासत बसलो होतो. तर कुंपणाचं फाटक करकरलं. बापांच्या मारामारीनंतर त्या फाटकातून त्या घरचं माणूस आमच्या ओट्यावर आलेलं नव्हतं. पास्कू आला. केस पांढरे झालेले, हातात तांब्या. तोच, पहिल्या चवीचा. तो ओट्याखाली उभा राहिला. त्याने इकडे तिकडे पाहिलं, काहीतरी शोधल्यासारखं. खांब नव्हता, रेडा नव्हता, आईसुद्धा देवळात गेली होती. कोपऱ्यात नुसती कोंबडी होती. त्याने कोंबडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"इनास," तो म्हणाला, "चव बघ."

त्याच्या तोंडून माझं नाव मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकलं. या घटकेसाठी काय काय जपून ठेवलं होतं मी! रात्र रात्र जागून पाठ केलेलं. बाबा सांगून गेले होते, पंपालाही सांगितलं होतं, भर रस्त्यात सांगितलं होतं. सगळं जिभेवर आलं. मी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. राजोडीचा समुद्र होता त्यात. लहानपणी लाटेत पडलो की तोंडात जायचा तोच. मी थुंकलो नाही, गिळला.

पास्कू माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने स्वतः चाखलेलं होतं, त्याच्या ओठांवर दिसत होतं. तरी तो थांबला होता. दोघांनी म्हटल्याशिवाय पाणी गोड ठरत नाही, तसं खारंही ठरत नाही.

"खारं हाय, पास्कू," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, काळूसारखी. पलीकडे इंजिन चालूच होतं. फट् फट् फट् फट्.

"मग उभा काय राहिलास गाढवासारखा?" मी ओरडलो. "आधी ते बंद कर!"

तो गेला. थोड्या वेळाने आवाज थांबला. एकदम इतकं शांत झालं की त्याच्या घरात भांडं ठेवल्याचं मला ऐकू आलं. कोयता तसाच टाकून मी बसून राहिलो.

आता प्यायचं पाणी देवळाच्या विहिरीवरून आणावं लागतं, शेतं ओलांडून. फादरनी दोन्ही घरांना मिळून एकच पाळी दिली आहे. विहीर एक होती तर पाळीही एक, असं म्हणाले. पहिल्या दिवशी नातालीनवहिनी हंडे घेऊन निघाली. पास्कूने ते तिच्या हातातून काढून घेतले आणि घरातून एक पिंप आणलं. पिंप भरलं की एका माणसाला उचलत नाही. त्याने ते बांबूला बांधलं, पुढचं टोक खांद्यावर घेतलं आणि पाठ करून उभा राहिला. मी बटलरला शिव्या दिल्या. तो बिचारा कधीच मेला असेल.

तेव्हापासून रोज सकाळी हेच. पुढे पास्कू, मागे मी, मधे पाणी. बांधावर पाय घसरतो. सांगायला मधे कुणी नाही, म्हणून आता सगळं थेट सांगतो. "डोळे फुटलेत काय? बांध दिसत नाही?" मी म्हणतो. "दिसतो," तो म्हणतो, "तू पाय जुळव." मी शिव्या घालतो आणि पाय जुळवतो. पाणी सांडून चालत नाही.